केराचा हिशेब

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत झालेले भाषण)



आपल्या मंडळाच्या वाढदिवशी मला चार शब्द बोलण्यास उभे केलेत, हा आपणां सर्वांचा मजवरचा लोभ आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पैठण तालुक्यातल्या आमच्या खेड्यात शाळा सातवीलाच संपे, आणि पुढची शाळा चुलीपुढे भरे. भाषण करण्याची सवय मला नाही. आपल्या कार्यवाहबाई म्हणाल्या, "तुम्हाला जे ठाऊक आहे त्यावरच बोला." मी म्हटले, मला केर ठाऊक आहे. त्यावर जमलेल्या सगळ्याजणी हसल्या. पण ज्या बाईने वीस-बावीस वर्षे रोज सकाळी केर काढला, तिने केरावर बोलायचे नाही तर कोणी बोलायचे? म्हणून आज तोच विषय घेऊन आपल्यापुढे उभी आहे. कुठे चुकले तर सांभाळून घ्यावे.

आपल्या घरात कार्य निघाले की आपण आचारी लावतो. दोनशे-तीनशे पानांचा स्वयंपाक एकटीच्या हातून होत नाही, त्यात कमीपणा काही नाही. पण आचारी लावला म्हणून घरची बाई खुशाल झोपी जाते का? कोठीची किल्ली तिच्या कमरेला असते. तूप किती आणले, किती लागले, डाळ निवडून घेतली की नाही, वाढपी किती ठरले होते आणि आले किती, हे सारे ती पाहत असते. पंगतीत भात कच्चा निघाला तर पाहुणे आचाऱ्याला नावे ठेवीत नाहीत. ते घरी जाऊन म्हणतात, अमक्यांच्या घरचे जेवण काही बरे नव्हते. काम दुसऱ्याला देता येते, पण यजमानपण देता येत नाही. मला आज सांगायचे आहे ते एवढेच.

गावचा रस्ता झाडणे आणि केर उचलणे हे महापालिकेचे काम आहे. ही काही तिची मेहेरबानी नव्हे. महापालिकांचा जो १९४९ सालचा कायदा आहे, त्याच्या ६३ व्या कलमात महापालिकेने केलीच पाहिजेत अशी कामे सांगितली आहेत, त्यांत रस्त्यांची झाडलोट आणि केरकचरा हलवणे ही येतात. आपल्या शहराची महापालिका १९८२ च्या डिसेंबरात झाली, तेव्हापासून ही कामे तिच्या माथी आहेत. ती कामे तिने स्वतःची माणसे लावून करावीत किंवा ठेकेदाराकडून करून घ्यावीत. परंतु ठेका दिला म्हणून कर्तव्य सुटत नाही. आचारी लावलेल्या घराचे जसे, तसेच.

आता माझ्याच हातून घडलेली एक चूक सांगते. ठेकेदार कोणता आणि साल कोणते हे मुद्दाम सांगत नाही. नाव घेऊन आज काही साधायचे नाही, आणि चुकीत अर्धा वाटा माझाच आहे.

एके दिवशी सकाळी गॅसवर दूध होते, मुलाची शाळेची घाई होती. दारात मुकादम आला. हातात एक कागद. म्हणाला, "ताई, इथे एक सही करा. तुमची गल्ली झाडली जाते, एवढंच लिहिलंय." दूध वर आले होते. मी कागद दाराच्या चौकटीला टेकवला, सही केली आणि आत पळाले. दूध उतू गेले नाही, याचाच मला आनंद झाला.

दोन-अडीच महिने गेले. गल्लीच्या तोंडाशी केराचा ढीग साचू लागला. गटाराकाठी पाला कुजला, डास झाले, दोन घरांत तापाची माणसे पडली. आम्ही पाचजणी धीर करून तक्रार घेऊन कचेरीत गेलो. तिथल्या माणसाने आमचे सगळे ऐकून घेतले, उठून एक फाईल काढली आणि एक कागद माझ्यापुढे धरला. "ही सही कोणाची?" सही माझी होती. वर लिहिले होते, गल्लीत दररोज झाडलोट होते, तीन कामगार नियमित हजर असतात, काम समाधानकारक आहे. सातवी शिकलेल्या बाईला एवढे चार ओळींचे वाचता येत नव्हते असे नाही. मी वाचले नव्हते. बरोबरच्या चौघी काही बोलल्या नाहीत, पण मला जमीन दुभंगावी असे झाले.

तरीही आम्ही तक्रार दिलीच. आणि तिचा परिणाम झाला, तो असा. आमच्या गल्लीत झाडायला येणाऱ्या मावशींची आठ दिवसांची मजुरी कापली गेली.

मावशी माझ्या दारात आल्या त्या भांडायला नव्हे. पायरीवर बसल्या, पाणी मागितले. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाल्या, "बाई, तुम्ही खोटं काही बोलला नाहीत. घाण होतीच. पण ती गल्ली तीन माणसांची होती, आणि झाडणारी मी एकटी होते." हाजरीच्या वहीत तीन नावे, रस्त्यावर माणूस एक. दोन माणसांची मजुरी कुठे जात होती ते त्यांना ठाऊक नव्हते, मलाही नव्हते. पण ती जात होती हे माझ्या सहीने खरे ठरवले होते.

भगिनींनो, त्या दिवशी मला कळले की देखरेख नीट नसली तर तक्रारसुद्धा वरून खाली घरंगळत जाते, आणि सर्वांत खाली जी बाई उभी असते तिच्या अंगावर पडते. दंड ठेकेदाराला व्हायचा, तो भरतो झाडूवाली. म्हणून आम्ही पुन्हा कचेरीत गेलो. या वेळी लेखी अर्ज दिला. गल्लीत एकच बाई झाडते हे आम्ही रोज पाहतो, माझी आधीची सही न वाचता केलेली आहे, ती मी मागे घेते, असे लिहून खाली पाचजणींनी सह्या केल्या. मावशींचे कापलेले पैसे पुढे मिळाले. सगळे मिळाले नाहीत.

आपल्या शहराला केराने एकदा चांगला धडा शिकवलेला आहे. सालाची आठवण आपणां सर्वांना असेल. २०१८. तेव्हा आपल्या शहराचे नाव औरंगाबाद होते. कित्येक वर्षे शहराचा सगळा केर नारेगावजवळ नेऊन टाकला जाई. ओला-सुका वेगळा न करता, कुजवून खत न करता, तसाच. ढिगाला आग लागे, धूर गावांत शिरे. पाणी बिघडल्याची तिथल्या लोकांची तक्रार होती. अखेर १६ फेब्रुवारी २०१८ रोजी गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या आणि एकही गाडी पुढे जाऊ दिली नाही. शहरात रोज चारशे टनांच्या आसपास केर निघे. तो जायचा कुठे? जिथल्या तिथे साचला. भाजीमंडईपासून नव्या वसाहतींपर्यंत कोपरा न् कोपरा भरला. वेरूळ-अजिंठा पाहायला जगभरची माणसे ज्या गावात उतरतात, त्या गावात नाकाला पदर लावून चालावे लागे.

मग जिथे मोकळी जागा दिसेल तिथे गाड्या रिकाम्या करण्याचा प्रयत्न झाला, आणि त्या त्या ठिकाणचे लोक आडवे आले. ७ मार्चला मिटमिट्याला दगडफेक झाली, लाठीमार झाला, गाड्या जाळल्या गेल्या. विधिमंडळात त्यावर गदारोळ उठला. पोलीस आयुक्तांना रजेवर पाठवण्यात आले, मागोमाग महापालिकेच्या आयुक्तांचीही बदली झाली. उच्च न्यायालयाच्या इथल्या खंडपीठाने नारेगावला कचरा टाकण्यास मनाई केली.

त्या दिवसांत माझी एक ओळखीची बाई भेटली, तिला नारेगावच्या बाजूला दिलेली आहे. मी तिच्यापाशी गाऱ्हाणे सांगू लागले की आमच्या कोपऱ्यावर ढीग झालाय, घरात वास येतो, जेवण जात नाही. तिने शांतपणे ऐकले आणि म्हणाली, "ताई, तुम्ही पंधरा दिवसांत कंटाळलात. तुमचाच केर तो. आमच्या शेजारी तो वर्षानुवर्षे आहे." मला काही उत्तर सुचले नाही. घरातून गेला म्हणजे केर संपला, असे मी जन्मभर समजत होते. तो संपत नव्हता, दुसऱ्या बाईच्या दाराशी जात होता.

पुढे सरकारने कोट्यवधींची योजना मंजूर केली. चिकलठाणा, पडेगाव, हर्सूल आणि कांचनवाडी या चार ठिकाणी केरावर प्रक्रिया करण्याची केंद्रे ठरली. कांचनवाडीला ओल्या केरापासून गॅस करण्याचा प्रकल्प झाला. आणि २०१९ पासून घरोघरचा केर गोळा करून वाहून नेण्याचे काम खाजगी कंपनीला देण्यात आले. घंटागाडी दारात येऊ लागली, ही सोय झाली हे मान्य केले पाहिजे. ठेका देणे वाईट असे माझे म्हणणे नाही. पण ठेक्याचा व्यवहार कसा चालतो हे आपण गृहिणींनी समजून घ्यावे. तो आपल्या घरच्या व्यवहारासारखाच असतो, फक्त आकडे मोठे असतात.

केर वाहून नेण्याचे पैसे पुष्कळ ठिकाणी वजनावर ठरतात. गाडी काट्यावर चढते, जितके टन भरले तितके पैसे. आता आपण विचार करा. जिथे वजनावर पैसे मिळतात तिथे माती, दगड, ओला चिखल यांना केरापेक्षा जास्त किंमत येते. केर कमी करणाऱ्याला, घरीच खत करा असे लोकांना सांगणाऱ्याला तिथे तोटा होतो. आपल्या शहरात असे घडले असे मी म्हणत नाही. मला तसे ठाऊक नाही, आणि ठाऊक नसलेले बोलू नये. पण भंगारवाला दारात आला की त्याच्या तराजूचा काटा आपण डोळ्यांत तेल घालून पाहतो. रद्दी असते चार किलो. मग रोज शेकडो टन जिथे मोजले जातात, त्या काट्यावर कोण उभे असते, मोजलेले कोण लिहिते आणि लिहिलेले कोण तपासते, हे विचारायला नको का? तसेच झाडलोटीचे. तिथे माणसांच्या हाजरीवर पैसे असतात. मग वहीतली माणसे आणि रस्त्यावरची माणसे सारखी आहेत का, हे कोणी तरी मोजले पाहिजे.

हे पाहायचे कोणी? पहिले काम स्वच्छता निरीक्षकांचे आणि त्यांच्या वरच्या अधिकाऱ्यांचे. दुसरे आपण निवडून दिलेल्या नगरसेवकांचे. पण आपल्या शहराचे दुर्दैव असे की, २०२० च्या एप्रिलात सभागृहाची मुदत संपली ती जवळजवळ पावणेसहा वर्षे नवे सभागृह आलेच नाही. आधी साथ होती, मग निवडणुकीचे प्रश्न न्यायालयात अडकले. त्या सगळ्या काळात शहराचा कारभार प्रशासकांच्या हाती होता. त्यांनी काम केले नाही असे कोणी म्हणणार नाही. पण आपल्या गल्लीचा माणूस म्हणून जाब विचारावा असे कोणी नव्हते. अखेर १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले आणि ११५ जणांचे सभागृह निवडून आले. त्यांत निम्म्या जागा बायकांसाठी राखून ठेवलेल्या आहेत. म्हणजे आता सभागृहात बसणाऱ्यांत अर्ध्या तरी अशा असतील की, ज्यांनी स्वतःच्या हाताने घरचा केर काढलेला आहे. त्यांच्याकडे जाऊन बोलायला आपल्याला संकोच का वाटावा?

पण मला विचाराल तर पहिला डोळा आपलाच पाहिजे. निरीक्षक महिन्यातून एकदा येईल, नगरसेविका सणासुदीला येईल. आपण रोज सात वाजता दारात असतो. गाडी आली की नाही हे आपल्याइतके कोणालाच ठाऊक नसते.

त्या सहीच्या प्रकरणानंतर मला झोप येईना. एक दिवस दुधाचा हिशेब करीत बसले होते. आपण सर्वजणी करतो तसाच, भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर. ज्या दिवशी दूध कमी घेतले त्या तारखेवर खूण, घेतलेच नाही तर फुली. महिनाअखेरीस गवळी म्हणतो एकोणतीस दिवस, मी म्हणते सत्तावीस, आणि दिनदर्शिका उतरवून त्याच्यापुढे ठेवते. तो मुकाट्याने सत्तावीस दिवसांचे पैसे घेतो. माझ्या मनात आले, अर्धा लिटर दुधाला आपण एवढे जपतो, आणि केराचा हिशेब कोणीच ठेवीत नाही!

दुसऱ्या दिवसापासून मी त्याच दिनदर्शिकेवर लाल पेन्सिलीने केराच्या खुणा करू लागले. गाडी आली तर "ग". रस्ता झाडला तर "झ", आणि झाडायला किती माणसे दिसली तो आकडा त्याच्या शेजारी. काही झाले नाही तर शून्य. आपण वेगळा दिलेला ओला-सुका केर गाडीत एकत्र टाकला तर "म", म्हणजे मिसळला. आणखी चौघींना सांगितले. पाच गल्ल्या, पाच दिनदर्शिका. महिना संपला की मंडळाच्या वहीत सगळ्यांची बेरीज.

ती वही घेऊन आम्ही गेलो तेव्हा साहेब आधी हसले. बायका केराची वही घेऊन आल्या म्हणून हसले असतील. मग त्यांनी पाने उलटली आणि हसणे थांबले. तोंडी तक्रारीला तारीख नसते. "गाडी येतच नाही" म्हटले की समोरचा म्हणतो "येते की!" आणि तिथेच बोलणे संपते. वहीत तारीख होती, माणसांचा आकडा होता, आणि पाच वेगळ्या घरांच्या खुणा एकमेकींशी जुळत होत्या. पंधरा दिवसांत आमच्या गल्लीत मावशींच्या जोडीला आणखी दोन माणसे दिसू लागली.

इथेच भाषण संपवले तर ते गोष्टीसारखे गोड होईल, पण ते खरे होणार नाही. पुढे दिवाळी आली. फराळाच्या गडबडीत खुणा करायच्या राहिल्या. एकीची मुलगी बाळंतपणाला आली, एकीच्या घरी आजारपण निघाले. दोन महिने वही कोरी. आणि दोन महिन्यांत गल्लीतली दोन माणसे पुन्हा दिसेनाशी झाली. तेव्हा आम्ही पुन्हा लिहू लागलो. माझ्या सासूबाई म्हणाल्या, "अगं, केर काय एकदा काढला म्हणून कायमचा निघतो का? रोज काढावा लागतो. देखरेखीचंही तेच." त्या शाळेत गेलेल्या नाहीत, पण इतके नेमके मला अजून कोणी सांगितले नाही.

आता मावशींविषयी थोडे. रस्ते झाडण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या कोणत्या घरांतल्या माणसांच्या वाट्याला आले हे आपल्याला ठाऊक आहे, आणि ते आपण सहसा बोलत नाही. ज्या गावात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली महाविद्यालय उभे केले, त्या गावात तरी हे बोलायला हवे. ठेका स्वस्त पडतो असे म्हणतात. तो जर त्या बाईची मजुरी बुडवून स्वस्त होत असेल, तिला हातमोजे आणि बूट न देता होत असेल, तर ती स्वस्ताई आपल्याला नको. कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. १९७० सालच्या कंत्राटी कामगारांच्या कायद्यात होते, आणि त्याच्या जागी आलेल्या नव्या संहितेतही आहे, की ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ज्याचे काम त्याने ती द्यावी. म्हणजे पुन्हा तेच: यजमानपण सुटत नाही.

मुंबईत कचरा उचलणाऱ्या सुमारे २७०० कंत्राटी कामगारांनी कित्येक वर्षे आपल्या संघटनेमार्फत न्यायालयात झगडा दिला. अखेर २०१७ च्या एप्रिलात सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि त्यांना महापालिकेचे कायम कामगार म्हणून मान्यता मिळाली. पुण्याची गोष्ट निराळी. तिथे कागद-काच-पत्रा वेचणाऱ्या माणसांची, ज्यांत बहुतेक बायकाच, १९९३ साली संघटना झाली. डॉ. बाबा आढाव यांचा तिला आधार होता. पुढे त्याच बायकांनी "स्वच्छ" नावाची सहकारी संस्था काढून महापालिकेशी करार केला, आणि आज त्या घरोघर जाऊन केर घेतात. तिथे काम करणारीच संस्थेची मालकीण. मी असे म्हणत नाही की उद्याच आपल्याकडे तसे होईल. पण ठेका म्हटला की मोठी कंपनीच पाहिजे असे नाही, हे आपल्याला ठाऊक असावे.

आता आपल्या पदराखालचा निखारा. दुसऱ्याचा हिशेब मागायचा तर आपला चोख पाहिजे. आपण ओला आणि सुका केर खरेच वेगळा देतो का? २०१६ सालच्या नियमांनी तसे सांगितले होते. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या नियमांत तर चार भाग सांगितले आहेत. ओला, सुका, डायपर आणि पाळीच्या वेळचे पॅड यांचा वेगळा, आणि औषधे, दिवे, रंगाचे डबे यांसारखा जपून हाताळायचा वेगळा. पाळीचे पॅड उघडे टाकले तर ते कोणाच्या हाताला लागतात? फुटलेली बरणी कागदात न गुंडाळता टाकली तर कोणाचा हात चिरतो? मी स्वतः एकदा फुटका ग्लास तसाच टाकला होता. दुसऱ्या दिवशी मावशींच्या बोटाला चिंधी दिसली. त्यांनी काही म्हटले नाही, मीही विचारले नाही. तो माझाच ग्लास असेल नसेल, पण तेव्हापासून काच टाकताना माझा हात थांबतो. आणि रात्री दहानंतर पिशवी घेऊन हळूच कोपऱ्यावर जाणारे आपल्याच घरांतले कोणी तरी असते, हेही आपण जाणतो.

म्हणून या वाढदिवशी मंडळाने एक काम अंगावर घ्यावे अशी माझी विनंती आहे. प्रत्येक गल्लीतल्या एका भगिनीने दिनदर्शिकेवर केराच्या खुणा कराव्यात. फार वेळ लागत नाही, दुधाच्या खुणेला लागतो तेवढाच. दर महिन्याच्या पहिल्या बैठकीत वहीत बेरीज व्हावी आणि तिची नक्कल आपल्या प्रभागाच्या नगरसेवकांना द्यावी. आपल्या गल्लीला किती माणसे नेमली आहेत, गाडीची वेळ काय, ठेकेदाराला किती दंड झाला, हे माहितीच्या अधिकारात विचारता येते. हा २००५ सालचा कायदा आहे. अर्जाला दहा रुपयांचा तिकीट लागतो, वकील लागत नाही. माझ्यासारखीच्या अक्षरातला अर्ज चालतो, हे मी लिहून पाहिले आहे. आणि तक्रार करताना "झाडूवाली येत नाही" असे लिहू नये. "नेमलेल्या तीन माणसांपैकी दोन येत नाहीत, त्याची चौकशी व्हावी" असे लिहावे. शब्दांच्या एवढ्याशा फरकाने एका बाईची आठ दिवसांची मजुरी वाचते. आणि शेवटचे म्हणजे, पुढे केलेल्या कोणत्याही कागदावर वाचल्यावाचून सही करू नये. दूध उतू गेले तर जाऊ द्यावे.

संत गाडगेबाबांची आठवण आपण मंडळात दरवर्षी २० डिसेंबरला करतो. बाबांच्या हातातला खराटा सर्वांना आठवतो. पण बाबा दिवसा गाव झाडीत आणि रात्री कीर्तनाला उभे राहून त्याच गावाला प्रश्न विचारीत, उत्तर येईपर्यंत विचारीत. आपण बायकांनी खराटा तर जन्मापासून हाती घेतलेला आहे. प्रश्न विचारायचे राहिले आहेत.

आजच्या सभेचे आमंत्रण द्यायला मी मावशींकडे गेले होते. "या, पुढे बसा," म्हटले. त्या म्हणाल्या, "आले असते बाई, पण दुपारी मला दुसरी गल्ली आहे." तेव्हा त्यांच्या वाटचे हे चार शब्द मीच बोलले, असे समजावे.

 उद्या सकाळी गाडी आली की दिनदर्शिकेवर पहिली खूण करा, एवढे सांगून आपली रजा घेते.